वाण आणि गुण : दारूचे व्यसन, उतावळा स्वभाव आणि आनुवंशिकता

बारावीच्या वर्गात आनुवंशिकतेचे प्रकरण शिकवताना मी फळ्यावर वंशावळीचा तक्ता काढतो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ; ज्याला आजार आहे त्याची आकृती भरलेली, ज्याला नाही त्याची रिकामी. रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया समजावून सांगायला हा तक्ता उत्तम चालतो. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात असाच तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला आणि त्याने वहीचे शेवटचे पान उघडून माझ्यासमोर धरले. त्यावर त्याने स्वतःच्या घराण्याचा तक्ता काढला होता. आजोबांचा चौकोन काळा, वडिलांचा काळा, थोरल्या काकांचा काळा. आजार कोणता, हे मी विचारण्यापूर्वीच तो म्हणाला, "सर, दारू. आता माझा चौकोन कसा काढू?"

त्या दिवशी मी त्याला ‘असे काही ठरलेले नसते’ एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि ते अपुरे आहे हे त्यालाही कळले होते. पुढे मी या विषयावर जमेल तेवढे वाचले. त्याला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर इथे सविस्तर लिहितो आहे, कारण वहीच्या शेवटच्या पानावर असा तक्ता काढणारी मुले ठाण्यात आणि नवी मुंबईत आणखीही असणार.

मराठीत या विषयावर दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. ‘खाण तशी माती’ ही म्हण सगळा दोष रक्ताला देते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण शेजाराला जबाबदार धरते. इथे वाण म्हणजे रंग, जन्माबरोबर आलेली गोष्ट, आणि गुण म्हणजे संगतीने चिकटलेली. बापापाठोपाठ मुलगाही पिऊ लागला की नात्यागोत्यात पहिली म्हण ऐकू येते, आणि ज्या घरात कोणी दारूला शिवले नाही त्या घरातला मुलगा पिऊ लागला की दुसरी. गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनात दोन्ही म्हणींमध्ये तथ्य आढळले आहे, पण पहिलीत एक मोठी दुरुस्ती करावी लागते : रक्तातून जे येते ती दारू नव्हे. येतो तो मुख्यतः एक स्वभाव, आणि तो पहिल्या घोटाच्या कितीतरी वर्षे आधीपासून दिसत असतो.

वाण आणि गुण यांची फारकत करायची तर पवळ्याला जन्मापासूनच दुसऱ्या गोठ्यात बांधून पाहावे लागेल. माणसांच्या बाबतीत असा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकत नाही, पण दत्तक गेलेल्या मुलांच्या आयुष्यात तो आपोआप घडलेला असतो. डोनाल्ड गुडविन हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक नोंदी वापरून अशा ५५ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूच्या व्यसनासाठी रुग्णालयात ठेवावे लागले होते आणि जे स्वतः जन्मानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतच त्या घरापासून दूर गेले होते. मोठेपणी त्यांच्यापैकी १८ टक्के व्यसनाधीन झाले. ज्यांच्या जन्मदात्यांना असे व्यसन नव्हते अशा दत्तक पुरुषांत हे प्रमाण ५ टक्के होते. वडिलांना पिताना कधीही न पाहिलेल्या मुलांमध्येही धोका तिपटीहून अधिक होता, हे त्यातले महत्त्वाचे निरीक्षण. मला मात्र त्याच आकड्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची वाटते : त्या शंभरातले ८२ व्यसनाधीन झाले नाहीत.

दुसरा मार्ग जुळ्यांचा. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळी इतर भावंडांइतकीच, म्हणजे सरासरीने निम्मी, सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. म्हणून एखादी गोष्ट एकबीज जुळ्यांमध्ये अधिक जुळत असेल तर तो अधिकचा सारखेपणा जनुकांकडे बोट दाखवतो. अशा १२ जुळ्यांच्या आणि ५ दत्तकांच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१५ मध्ये जो आकडा निघाला तो ४९ टक्के होता. म्हणजे दारूच्या व्यसनातला आनुवंशिक वाटा साधारण निम्मा.

या ‘निम्मा’ शब्दाने फार घोटाळा केला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. वडील व्यसनी असतील तर मुलाला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या माणसाच्या व्यसनातले अर्धे जनुकांमुळे आणि अर्धे परिस्थितीमुळे, असाही नाही. हा आकडा एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. तो माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन डोळ्यांसमोर आणावी. समजा, सगळे स्पर्धक मासुंदा तलावाभोवतीच्या एकाच सपाट रस्त्यावर धावले, तर कोण पुढे आणि कोण मागे हा फरक बहुतांशी त्यांच्या पायांतला आणि दमातला असेल. आता समजा, निम्म्यांना तलावपाळीवर ठेवले आणि निम्म्यांना येऊरच्या चढावर धावायला लावले, तर तोच फरक मोठ्या प्रमाणात रस्त्याने ठरेल. धावणारे तेच, पाय तेच, पण फरकातला पायांचा वाटा बदलला. आनुवंशिक वाट्याचेही असेच असते : सर्वांना सारखीच मोकळीक आणि सारखीच उपलब्धता असेल तर तो वाढतो आणि परिस्थितीत तफावत असेल तर घटतो. तो जनुकांवर कोरलेला स्थिर आकडा नसतो.

याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात आणि १.६ टक्के स्त्रिया. लेकीला जनुके कमी मिळत नाहीत. मुलाला जी मिळतात तीच, त्याच हिशेबाने, तिलाही मिळतात. तरीही एवढा फरक पडतो तो समाजाने तिला घातलेल्या बंधनामुळे. ते बंधन योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न आहे, पण त्यातून एक गोष्ट निघते, जी माझ्याही उशिरा लक्षात आली. त्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात आईच्या माहेरची बाजू नव्हतीच. मामा किंवा आजोळचे आजोबा यांच्याकडून आलेला स्वभाव आईमार्फत तितक्याच सहज पुढे जातो, आणि तिने कधी प्यायली नाही म्हणून तिचे वर्तुळ रिकामे दिसते.

आता मुख्य प्रश्न : येते ते नक्की काय?

एक भाग शरीराच्या रसायनाचा आहे. आपले शरीर अल्कोहोल दोन टप्प्यांत मोडते. पहिल्या टप्प्यात ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो आणि दुसऱ्यात तो निकामी केला जातो. चीन, जपान आणि कोरियातल्या बऱ्याच लोकांमध्ये दुसऱ्या टप्प्याचे एन्झाइम जन्मतः दुबळे असते, त्यामुळे थोडी दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते, आणि साहजिकच अशा लोकांना व्यसन लागण्याचे प्रमाण कमी असते. भारतात एकंदरीत हा बदल विरळा आहे, म्हणजे हे नैसर्गिक कवच आपल्यापैकी बहुतेकांकडे नाही. याच्या उलट टोकाला दुसरी गोष्ट आहे. सॅन दिएगोचे मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना प्रयोगशाळेत मोजून अल्कोहोल दिले आणि त्याचा परिणाम तपासला. व्यसनी वडिलांच्या मुलांपैकी अनेकांवर त्याचा परिणाम कमी झाला, आणि ज्यांच्यावर तो कमी झाला त्यांच्यातच सुमारे दहा वर्षांनी व्यसनाचे प्रमाण अधिक आढळले. ‘मला काही चढत नाही’ हे वाक्य आपल्याकडे मित्रमंडळीत अभिमानाने उच्चारले जाते. प्रत्यक्षात ती धोक्याची खूण आहे, कारण ज्याला चढत नाही तो थांबण्याचा इशारा मिळण्यापूर्वीच बरेच पिऊन बसतो.

पण तरुणांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा भाग दुसराच आहे, आणि त्याची पहिली स्पष्ट खूण मिळाली ती दारूला स्पर्शही न केलेल्या लहान मुलांमध्ये. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हेन्री बेग्लायटर, बर्निस पोर्जेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १३ वर्षांच्या मुलांच्या डोक्याला विद्युतसंवेदक लावून त्यांना पडद्यावर आकृत्या दाखवल्या. नेहमीच्या आकृत्यांमध्ये अधूनमधून एखादी वेगळी आकृती आली की सुमारे एक तृतीयांश सेकंदाने मेंदूत एक विद्युत लहर उठते. ‘हे वेगळे आहे, लक्ष दे’ अशी मेंदूने स्वतःला दिलेली ती सूचना म्हणता येईल. व्यसनी वडिलांच्या मुलांमध्ये ही लहर लहान होती. व्यसनामुळे मेंदू बदलतो हे तोपर्यंत माहीत होते. इथे मात्र व्यसनाच्या आधीच मेंदू थोडा वेगळा असल्याचे दिसले. पुढे असे लक्षात आले की ही लहर केवळ दारूच्या धोक्याशी बांधलेली नाही. अतिचंचल मुलांमध्ये, सतत नियम मोडणाऱ्या आणि मारामारी करणाऱ्या मुलांमध्ये, इतर नशांकडे वळलेल्यांमध्येही ती लहान आढळते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतही व्यसनी वडिलांच्या मुलांचे असे अभ्यास झाले, आणि तिथेही लहान लहर आणि अतिचंचल, बेलगाम वागणे या गोष्टी एकत्र आढळल्या.

हे सगळे एकाच मुळाशी जोडलेले असावे, ही शंका २००२ मध्ये रॉबर्ट क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटातल्या १७ वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासातून तपासली. दारूवरचे अवलंबित्व, इतर अमली पदार्थ, बेशिस्त आणि आक्रमक वर्तन, आणि स्वतःला आवरता न येणारा स्वभाव या गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या न मोजता त्यांच्यातला सामाईक भाग मोजला. त्या सामाईक भागातला आनुवंशिक वाटा तब्बल ८१ टक्के निघाला. म्हणजे एकेका फांदीपेक्षा खोडात आनुवंशिकता अधिक आहे. बापाकडून मुलाकडे उतरते ते हे खोड. त्याला दारूची फांदी फुटेल, मोटारसायकलच्या वेडाची फुटेल, की आणखी कशाची, हे पुष्कळसे त्याला मिळालेल्या परिस्थितीवर ठरते. शास्त्रीय लिखाणात या खोडाच्या गाभ्याला आवेगशीलता म्हणतात. घरात आपण त्याला उतावळेपणा म्हणतो, ‘आधी करतो, मग विचार करतो’ म्हणतो, ‘याचा हात आवरत नाही’ म्हणतो. माझ्या मते रोजच्या बोलण्यातले हे शब्द शास्त्रीय शब्दापेक्षा अधिक नेमके आहेत.

फक्त एक काळजी घ्यावी लागते, कारण उतावळेपणा ही एकसंध वस्तू नाही. मानसशास्त्रज्ञ त्याचे निदान पाच धागे वेगळे करतात : मन अस्वस्थ असताना अविचाराने वागणे, आनंदाच्या भरात तसे वागणे, पुढचा विचार न करणे, हातातले काम अर्धवट सोडणे आणि थराराची ओढ. पहिल्या आणि शेवटच्या धाग्यांमधला फरक ठाण्याइतका स्पष्ट कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही. टेंभी नाक्याच्या दहीहंडीला सातव्या-आठव्या थरावर चढणाऱ्या मुलाला थराराची ओढ असते हे खरे. पण त्यासाठी तो महिनाभर रात्री सराव करतो, खालच्याने खांदा पक्का केल्याशिवाय पाऊल उचलत नाही, आणि प्रशिक्षकाने ‘उतर’ म्हटले की उतरतो. त्याला थरार हवा आहे, पण तो उतावळा नाही. उलट, परीक्षेत कमी गुण मिळाल्यावर किंवा घरी भांडण झाल्यावर हातातला मोबाइल भिंतीवर फेकणारा शांत दिसणारा मुलगा अधिक धोक्यात असू शकतो. अभ्यासांमध्ये थराराची ओढ ‘किती वेळा आणि किती प्यायली’ याच्याशी जुळते, पण पिण्यातून निर्माण होणाऱ्या समस्यांशी सर्वाधिक घट्ट जुळतो तो पहिला धागा, दुःख आणि राग यांच्या भरात तोल सुटण्याचा. पालकांची नजर सहसा धडपड्या मुलावर असते आणि हा दुसरा मुलगा सुटून जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग या स्वभावाचे जनुक कोणते? इथे मला विज्ञानाची एक चुकलेली आणि मग सुधारलेली वाट सांगायला हवी. अमेरिकेत १९८९ मध्ये व्यसनी माणसांच्या कुटुंबांचा एक मोठा सहयोगी अभ्यास सुरू झाला. त्यातून २००४ मध्ये गॅब्रा-२ हे जनुक पुढे आले. मेंदूतल्या पेशींना शांत करणारे गॅबा नावाचे रसायन ज्या ग्राहकाला चिकटते, त्याचा एक भाग हे जनुक घडवते, आणि अल्कोहोलही गॅबाच्याच यंत्रणेवर परिणाम करते, म्हणून हा शोध पटण्यासारखा होता. २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांना या जनुकाच्या एका रूपाचा संबंध अविचारी स्वभावाशी, आणि बक्षिसाची अपेक्षा असताना मेंदूच्या इन्सुला या भागात दिसणाऱ्या हालचालीशी आढळला. दारू आणि उतावळेपणा यांना जोडणारा दुवाच सापडला, असे तेव्हा वाटले. पण एकेक जनुक निवडून काही शेकडा लोकांत तपासण्याच्या या पद्धतीत योगायोगाने खरे वाटणारे निष्कर्ष पुष्कळ निघतात, आणि लाखो लोकांचे संपूर्ण जनुकसंच चाळले जाऊ लागल्यावर अशा अनेक निवडक जनुकांचे महत्त्व पूर्वीइतके उरले नाही. गॅब्रा-२ ची गोष्ट म्हणून मी ‘उत्तर’ म्हणून सांगत नाही. प्रश्न योग्य दिशेने विचारला गेला त्याची खूण म्हणून सांगतो.

एकाच जनुकाचा मोठा परिणाम क्वचित दिसतोही. २०१० मध्ये फिनलंडमध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका ग्राहकाच्या जनुकात असा बदल सापडला की ज्यामुळे त्या ग्राहकाचे प्रथिन बनण्याचे काम सुरुवातीलाच थांबते. रागाच्या भरात हिंसक गुन्हे केलेल्या पुरुषांमध्ये तो अधिक आढळला, आणि त्यांचे बरेचसे गुन्हे दारूच्या अमलाखाली घडले होते. पण हा बदल फिनलंडपुरता मर्यादित आहे, आणि तिथल्या एक लाखाहून अधिक लोकांमध्ये तो असूनही बहुतेक जण सामान्य आयुष्य जगत आहेत.

सर्वांना लागू होणारे चित्र २०२१ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात आले. सुमारे १५ लाख लोकांच्या माहितीतून अतिचंचलता, धूम्रपान, गांजा, दारूच्या समस्या, धोका पत्करण्याची वृत्ती अशा सात गोष्टींचा सामाईक आनुवंशिक पाया शोधण्यात आला, आणि जनुकसंचात ५७९ ठिकाणी त्याच्या खुणा सापडल्या. प्रत्येक ठिकाणाचा परिणाम अगदी किरकोळ असतो. हे सगळे बदल एकत्र करून प्रत्येक माणसासाठी एक गुणांक काढला तरी त्यातून अशा वर्तनातल्या फरकापैकी जास्तीत जास्त १० टक्क्यांच्या आसपास फरकाचा उलगडा होतो. त्यात ही माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे; तो गुणांक आपल्या लोकांना तसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून ‘मुलाला पुढे व्यसन लागेल का ते जनुकचाचणीतून सांगतो’ असे कोणी सांगू लागले तर त्यावर पैसे घालवू नयेत. आणि म्हणूनच वंशावळीच्या तक्त्यातला काळा-पांढरा चौकोन इथे चुकीचा ठरतो. शेकडो ठिकाणच्या बारीक बदलांची बेरीज प्रत्येकात कमीअधिक असते. उंची जशी कुणाला ‘असते’ आणि कुणाला ‘नसते’ असे म्हणता येत नाही, तसेच हेही आहे.

आता वयाकडे वळू. मजेची आणि बक्षिसाची ओढ निर्माण करणारी मेंदूतली यंत्रणा वयात येतानाच जोमाने कामाला लागते. कपाळामागचा, परिणाम तोलणारा आणि हात मागे खेचणारा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. या मधल्या वर्षांत प्रत्येकच मुलगा-मुलगी थोडीफार उतावळी असते. ज्याला घराण्यातून सैल लगाम मिळाला आहे त्याच्यासाठी हीच वर्षे सर्वांत निसरडी, आणि दारू नेमकी त्याच लगाम धरणाऱ्या भागाला आधी सुस्त करते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधीतरी दारूवर अवलंबून झाले होते; विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर हा सगळा फरक लवकर पिण्यामुळेच पडतो असे नाही. लवकर हात घालणे हेच त्या उतावळ्या स्वभावाचे लक्षण असते, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसले आहे. तरीही घडत असलेल्या मेंदूला दारूपासून जितके दूर ठेवता येईल तितके ठेवणे हे शहाणपणाचे आहेच, आणि महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची जी अट आहे, तिच्याकडे मी केवळ कायद्याचा जाच म्हणून पाहत नाही.

फिनलंडमध्ये १९९० च्या दशकापासून हजारो जुळ्यांचा लहानपणापासून मागोवा घेतला गेला आहे, आणि या विषयातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे निष्कर्ष तिथलेच आहेत. पहिला निष्कर्ष असा की चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाने दारू चाखली की नाही, हे मुख्यतः घर, शाळा आणि वस्ती ठरवते. अठराव्या वर्षापर्यंत तो किती आणि किती वेळा पितो, यात जनुकांचा वाटा वाढत जातो. वय वाढते तसे जनुक प्रबळ होते असे नाही. वय वाढते तशी निवड करण्याची मोकळीक वाढते. इथे मला ढवळ्या-पवळ्याची म्हण पुन्हा आठवते. त्या म्हणीतल्या बैलाला शेतकऱ्याने बांधलेले असते. सतरा वर्षांच्या मुलाला कोणी बांधत नाही, तो स्वतःच ढवळ्या शोधतो. वर्गातल्या साठ जणांमधून कोणाशी मैत्री करायची, सुट्टीत उपवनला जायचे, पाम बीच रोडवर गाडी पळवायला जायचे की क्लासला, हे ठरवताना त्याचा स्वभाव काम करत असतो. म्हणजे ‘संगतीने बिघडला’ हे वाक्य अर्धेच खरे आहे, कारण ती संगत निवडण्यातही वाणाचा हात असतो.

दुसरा निष्कर्ष वस्तीबद्दलचा आहे. ज्या फिनिश गावांमध्ये लोकसंख्या स्थिर होती आणि एकमेकांची ओळख होती, तिथे मुलांच्या पिण्यातला आनुवंशिक वाटा कमी दिसला. ज्या भागांत तरुणांची संख्या मोठी होती, लोक सतत येत-जात होते आणि दारू सहज मिळत होती, तिथे तो बराच अधिक दिसला. स्वभाव दोन्हीकडे तोच होता, पण एका ठिकाणी त्याला वाव नव्हता आणि दुसऱ्या ठिकाणी होता. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नवी मुंबईतल्या नव्या संकुलांमध्ये, जिथे तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला चौथ्या मजल्यावरचा मुलगा कोणाचा हे माहीत नसते, तिथे वाढणाऱ्या मुलांचा विचार करताना मला हा निष्कर्ष अस्वस्थ करतो. नौपाड्यातल्या चाळीत किंवा बेलापूरच्या जुन्या गावठाणात कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ‘हा अमक्याचा पोरगा’ हे ठाऊक असे, आणि तेवढ्यानेच कितीतरी मुलांचे पाऊल मागे येत असे. दारूचे दुकान आपल्या वस्तीत नको म्हणून खारघरच्या रहिवाशांनी जो दीर्घकाळ लढा दिला, त्याला अनेक जण केवळ नैतिक आग्रह समजतात. या संशोधनाच्या उजेडात तो मला सैल लगामाच्या मुलांसाठी घातलेला कठडा वाटतो.

तिसरा निष्कर्ष पालकांबद्दल आहे. चौदा वर्षांच्या फिनिश जुळ्यांच्या धूम्रपानाच्या अभ्यासात असे दिसले की मुले कुठे आहेत, कोणाबरोबर आहेत, कधी परत येणार आहेत हे ज्या पालकांना माहीत असते, त्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक प्रभाव बराच कमी होतो. यासाठी मोबाइल तपासण्याची किंवा पाळत ठेवण्याची गरज नसते. अशी माहिती बहुतेक वेळा मुलेच आपणहून देतात, सांगितल्यावर ओरडा बसणार नाही याची खात्री असेल तर. ज्या घरात वडीलच पितात त्या घरात ही खात्री देणे किती अवघड आहे याची मला जाणीव आहे. तिथे आई, आजी, मावशी, एखादे शिक्षक किंवा मैदानावरचे प्रशिक्षक यांच्यापैकी एका माणसाला तरी मुलगा रोज खरे सांगू शकला पाहिजे.

शाळांनाही यात करण्यासारखे आहे. पॅट्रिशिया कॉनरॉड या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या कार्यक्रमात सर्व मुलांना ‘दारू वाईट’ असे भाषण न देता, प्रश्नावलीतून निराश, अतिचिंताग्रस्त, उतावळा आणि थराराची ओढ असलेला अशा चार स्वभावांची मुले ओळखतात, आणि त्यांना आपापल्या स्वभावाशी जुळवून घेण्याची कौशल्ये प्रत्येकी नव्वद मिनिटांच्या दोन सत्रांत शिकवतात. लंडनच्या शाळांमध्ये ही सत्रे तिथल्याच प्रशिक्षित शिक्षकांनी घेतली आणि पुढच्या दोन वर्षांत मुलांचे पिण्याचे प्रमाण कमी राहिले. त्याबद्दलचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक म्हणून मला यातली एक गोष्ट फार भावते : तिथे उतावळ्या मुलाला सुधारत नाहीत, त्याला स्वतःची ओळख करून देतात. राग चढायला लागला की शरीरात आधी काय होते, त्या क्षणी स्वतःशी काय बोलायचे, दहा मिनिटे कशी काढायची, एवढेच. अतिचंचलतेचे निदान झालेल्या मुलांना औषध दिले तर पुढे नशेची सवय लागेल ही पालकांची भीतीही संशोधनात खरी ठरलेली नाही. उपचार टाळल्याने मात्र त्या मुलाची शाळा, मैत्री आणि आत्मविश्वास या सगळ्यांचे नुकसान होते.

मदत दूर नाही. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९९० मध्ये सुरू झालेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, आणि पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. व्यसन जडेपर्यंत थांबण्याची गरज नाही. ‘माझा मुलगा रागाच्या भरात काहीही करतो आणि त्याचे वडील पितात’ एवढे कारण विचारायला पुरेसे आहे. घरात मात्र ‘बापावर गेलाय’ हे वाक्य टाळावे. ज्या मुलाला पुढचा विचार करणे आधीच जड जाते, त्याला आपला पुढचा रस्ता ठरलेलाच आहे असे सांगितले तर विचार करण्याचे उरलेले कारणही आपण काढून घेतो.

तो विद्यार्थी आता अभियांत्रिकीला आहे आणि गेल्या दिवाळीत भेटायला आला होता. वसतिगृहातले मित्र आग्रह करतात, असे तो म्हणाला, आणि मग थोडे अडखळत त्याने विचारले, "सर, एकदाच घेऊन पाहिली तर कळेल ना, मला लागते की नाही ते?" या वेळी माझ्याजवळ उत्तर होते. मी त्याला शुकिट यांच्या प्रयोगाबद्दल सांगितले : तुला चढली नाही तर तुझ्यासारख्याच्या बाबतीत ती वाईट बातमी आहे, आणि चढली तर त्यावरून दहा वर्षांनंतरचे काहीच कळत नाही. लगाम पक्का व्हायला अजून सहा-सात वर्षे आहेत, तेवढी जाऊ दे, आणि मित्रांना ‘आमच्या घराण्यात त्रास आहे, मी घेत नाही’ असे सरळ सांग. मधुमेहाचे सांगतो तसे. त्याने ते ऐकून घेतले आणि मग धाकट्या भावाबद्दल बोलू लागला. भाऊ नववीत आहे, वर्गात बाकावर बसवत नाही, महिन्यातून दोनदा आईला शाळेत बोलावणे येते, आणि धावतो मात्र फार सुंदर. त्याला दादोजी कोंडदेव क्रीडागृहाच्या ट्रॅकवर सकाळी कोण घेऊन जाईल, यावर आम्ही पुढचा अर्धा तास बोललो.